पाकोळी तुझ्याच भिंतीत शिरली, त्याबद्दल

किलकॉरन, मेयो
मंगळवार, २४ जून

रविवार, १८ मे, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटं. ही वेळ मी आशीर्वादाच्याही वर लिहिते आहे, कारण नंतर तू "कधी गं? मला तर काही आठवत नाही" म्हणशील, आणि मला ते ऐकायचं नाही.

चि. अट्रॅक्टा हिस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद (यंदा जरा हात आखडून).

तुझा गुडघा कसा आहे? बॉस्टनमध्ये बसवलेला गुडघा मेयोच्या ओलसर हवेत किती टिकेल याची मला पहिल्यापासून शंका होती, पण काल तुला शिडीवर चढताना पाहिलं, त्यावरून तो माझ्या जन्मापासूनच्या दोन्ही गुडघ्यांपेक्षा चांगला दिसतो. आनंद आहे. माझा रक्तदाब वाढला आहे. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात. मिठाचा काही संबंध नाही हे मला माहीत आहे, आणि पत्र संपेपर्यंत तुलाही कळेल.

रस्ता ओलांडला की तुझं दार, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. एक तर मी तुझ्याशी बोलत नाही. हे तुझ्या लक्षात आलं नसेल (तू बोलत असतेस तेव्हा समोरचं माणूस गप्प आहे का, हे तुला कधीच कळलेलं नाही), म्हणून सांगून ठेवते. दुसरं असं की सगळी नोकरी टपाल कचेरीच्या खिडकीमागे काढलेल्या बाईला कागदावर उतरलेलीच गोष्ट खरी वाटते.

तर त्या रविवारी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. माझ्या खिडकीतून काय दिसतं ते तुला माहीत आहे: तुझ्या घराची त्रिकोणी भिंत, आणि तिच्या टोकाशी टांगलेली तुझी लाकडी पेटी. माझी भिंत, माझी पेटी मला माझ्या घरातून दिसत नाही. ती फक्त तुझ्या जिन्यावरच्या खिडकीतून दिसते (बाबांनी हे घर कोणाच्या सोयीसाठी बांधलं, हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले आहे). म्हणजे मला रोज तुझंच बघावं लागतं. तर एक पाकोळी आली. माझ्या छपरावरून तिने एक चक्कर मारली, मग दुसरी, मग तिसरी. मी सुरी खाली ठेवली. आणि ती रस्ता ओलांडून सरळ तुझ्या पेटीच्या भोकात शिरली, जशी काही तिला तिथे चहाला बोलावलं होतं.

बोलावलंच होतं म्हणा. हा सगळा घोळ त्या बोलावण्याचाच आहे. पाकोळ्यांना जुन्या दगडी भिंतींच्या फटी लागतात, आणि किलकॉरनच्या लोकांनी घरं गरम ठेवायच्या नादात सगळ्या फटी बुजवून टाकल्या, म्हणून चर्चच्या सभागृहात पेट्या वाटायचं ठरलं. पण रिकाम्या पेटीकडे तो पक्षी ढुंकून पाहत नाही. आत आधीच कोणीतरी किंचाळत असेल तरच त्याला तिथे राहावंसं वाटतं (या बाबतीत तो आपल्या नातेवाइकांसारखा आहे). म्हणून मॅलकी टूहीने आपल्या गुरुवारच्या संगणक मंडळात आम्हा सगळ्यांना ते इवलेसे संगणक घ्यायला लावले: पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पाटी, ना डबा, ना झाकण, सगळी आतडी उघडी. एका नखाएवढ्या कार्डावर सॉफ्टवेअर चढवायचं, कार्ड पाटीत खोचायचं, भिंतीत प्लग लावायचा, की पहाटे आणि तिन्हीसांजेला ते आपोआप पाकोळ्यांचा आरडाओरडा सुरू करतं. मॅलकीने गणित शिकवण्यात जन्म घालवला, त्यामुळे त्याला जे सोपं वाटतं ते इतरांना का वाटत नाही, याचं त्याला अजून आश्चर्य वाटतं.

तू आणि मी एकाच दिवशी, एकाच खोक्यातून, एकसारख्या पाट्या उचलल्या. कार्डंही एकाच जातीची. तुझी पहिल्या दमात बोलली. तू प्लग लावलास, वळून अ‍ॅपल पायचे तुकडे वाटायला लागलीस, आणि तुझ्या पाठीमागे ती पाटी किंचाळायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालीस, "मी काहीच केलं नाही हो, नुसता प्लग लावला." हे वाक्य मी साठ वर्षं ऐकते आहे.

माझ्या पाटीवर तांबडा दिवा लागला. तांबडा म्हणजे वीज पोचली. पण शेजारचा हिरवा दिवा लुकलुकायला हवा, म्हणजे ती कार्ड वाचते आहे असं समजायचं. तो लुकलुकेना. मॅलकीने चष्मा कपाळावर चढवला आणि चार्जर माझ्या जुन्या फोनचा आहे हे शोधून काढलं. "हा अशक्त आहे, डिंफ्ना. पाटी उपाशी राहते." मी दमदार चार्जर आणला. मग पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन आला, आणि तिथेच राहिला. मॅलकी म्हणाला, कार्ड नीट लिहिलं गेलं नाही. कार्ड पुसलं, परत लिहिलं. मग पाटी एकदाची सुरू झाली, घरी आणली, पोटमाळ्यावर लावली, आणि त्या संध्याकाळी माझ्या भिंतीतून असा काही कल्लोळ उठला की पलीकडच्या शेतातल्या गाई मान वर करून बघायला लागल्या. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. देवाशपथ सांगते, चर्चमधल्या कोणत्याही मिस्सामध्ये इतकं समाधान मला झालेलं नाही. (तुझ्या गाण्याच्या मिस्सा धरून.)

सकाळी ती मेलेली होती. तांबडा दिवा, आणि बाकी शुकशुकाट. पडदा जोडून पाहिलं तर ओळींवर ओळी, आणि शेवटी अशा अर्थाचं काहीतरी की आपल्याला आपली फाइल सापडत नाही आणि आपण घाबरून गेलो आहोत. मी तिला म्हटलं, घाबरायचं काम माझं आहे.

पुढे दर गुरुवारी हेच. मी कार्ड घेऊन सभागृहात जायचं, मॅलकीने ते पुसून नव्याने लिहायचं, संध्याकाळी पाटी गायची, सकाळी ती घाबरलेली. त्याने कार्ड बदललं, वायर बदलली, एकदा तर माझ्या घरच्या विजेवरच शंका घेतली, जी तुझ्या घरच्या विजेच्याच खांबावरून येते. आणि दर गुरुवारी तू शेजारच्या टेबलाशी बसून तुझ्या पेटीतल्या पाकोळीची हकीकत सांगत होतीस. नंतर तर पाकोळ्यांची. मग अंड्यांची. मॅलकीने तुझ्या पेटीत कॅमेरा बसवून दिला. (मला त्याने काय बसवून दिलं? नवी वायर.) परवा ती पिल्लांची चित्रं हातोहात फिरत होती तेव्हा ब्राइडी मुलार्की मला म्हणाली, "तुला किती छान वाटत असेल ना, डिंफ्ना, बहिणीचं बघून?" मी म्हटलं, हो, छातीत अगदी भरून येतं. ती म्हणाली, "डॉक्टरला दाखव."

मे महिना माझ्या नशिबात कायम असाच येतो. कॉन्व्हेंटमधली मे महिन्याची मिरवणूक तू विसरली असशील, मी नाही. सिस्टर बेनिग्नस वर्षभर सांगत होत्या की मरियामातेच्या मस्तकावर फुलांचा मुकुट चढवायचा मान सर्वांत शिस्तीच्या मुलीला मिळेल. शिस्तीची कोण होती हे गावाला माहीत होतं. माझी वही, माझे मोजे, माझी वेणी, कशावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मुकुट तू चढवलास, कारण तुझा आवाज गोड होता. तुझा हात पोचत नव्हता म्हणून तुला खुर्चीवर उभं केलं. आणि खुर्ची धरायला एक शिस्तीची मुलगी हवी होती. तू वर गात होतीस आणि मी खाली खुर्ची धरून तुझ्या टाचा बघत होते. डाव्या मोज्याला भोक होतं.

असो. मागच्या गुरुवारी मॅलकीने हार मानली आणि तो स्वतः माझ्याकडे आला. मी चहा केला. तो पोटमाळ्यावर जाऊन आला, खुर्चीत बसला, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "झोपताना तू ही बंद कशी करतेस?"

"जशी सभ्य घरात करतात तशी," मी म्हटलं. "भिंतीवरून."

त्याने कप खाली ठेवला. "रोज?"

"रोज नाही तर काय, नाताळात फक्त?"

तुला मम्मीची रात्रीची फेरी आठवते ना? आधी पाण्याचा हीटर (तो चालू राहिला तर घर विकावं लागेल अशी तिची खात्री होती), मग टोस्टर, किटली, रेडिओ, एकेक बटण भिंतीवर खाली, प्लग बाहेर, आणि शेवटी दाराशी पवित्र पाण्याचा शिंतोडा. मम्मी गेल्यावर ती फेरी मी घालते. एक रात्र चुकलेली नाही. आणि आता मॅलकी मला सांगतो की या पाटीला आधी विचारावं लागतं. तिला पडद्यावरून सांगायचं की बाई, आता बंद हो. मग ती आपली कागदपत्रं आवरते, हिरवा दिवा थांबतो, आणि त्यानंतरच भिंतीला हात लावायचा. आवराआवर होण्याआधीच वीज गेली की कार्डावरचं लिखाण अर्धवट राहतं आणि सकाळी तिला आपलं नावही आठवत नाही. मी दर रात्री मोठ्या शिस्तीने तिचा गळा दाबत होते.

मी विचारलं, "आणि अट्रॅक्टा कशी बंद करते?"

तो म्हणाला, "ती करतच नाही. तिने ती लावल्यापासून बंद केलेली नाही."

अट्रॅक्टा, तू कधीच काही बंद केलं नाहीस. तरुणपणी हीटर चालू ठेवून नाचायला गेलीस. मम्मीने बंद केलेलं घर सोडून अमेरिकेला गेलीस, तिथे उन्हाळ्यातही दिवे लावून झोपलीस, परत आलीस, आणि या सगळ्याचं तुला काय फळ मिळालं? घरात पाकोळ्या. मी सिस्टर बेनिग्नसच्या आत्म्याला जाब विचारणार आहे.

आता मी पाटीला नीट विचारून मग बंद करते, आणि ती रोज सकाळी शहाण्यासारखी सुरू होते. पण गाणं पहाटे हवं असतं, म्हणजे रात्रभर ती चालू ठेवायला हवी, आणि ते माझ्याच्याने होत नाही. मी प्रयत्न केला. पलंगावर पडून मला भिंतीतली वीज ऐकू येत होती. मी उठले.

म्हणून माझी मागणी अशी. जागा शोधत फिरणाऱ्या तरुण पाकोळ्या आणखी महिनाभरच दिसतील, मग पुढच्या मेपर्यंत काही नाही. तुझी पेटी भरली आहे. तुला आता कोणाला बोलवायचं आहे? तरी तुझं यंत्र पहाटे पाचला असं ओरडतं की माझ्या छपरावर आलेली प्रत्येक पाकोळी रस्ता ओलांडते. ते आजपासून बंद कर. भिंतीवरून केलंस तरी माझी हरकत नाही.

तुझी थोरली बहीण,
डिंफ्ना

ता. क. सभागृहात ठेवलेला माझा अ‍ॅपल पायचा डबा तू तुझा समजून नेला आहेस. तळाशी माझं नाव कोरलेलं आहे. तुझ्यावर माझं नावही उठून दिसेल, पण परत कर.

ता. क. दुसरा. बुधवार, सकाळ. पत्र काल टाकायचं राहिलं, आणि आता यातली मागणी रद्द समज. तुझं यंत्र बंद करू नकोस. मम्मीच्या खोलीत, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे, जिथे बाहेरून माझी पेटी टांगली आहे नेमक्या त्याच भिंतीत पहाटेपासून खुडबुड चालू आहे. आधी मला उंदीर वाटला. उंदीर किंचाळत नाही. माझी पाटी त्या वेळी बंद होती, नीट विचारून, भिंतीवरून. म्हणजे ज्या कोणी आल्या त्या तुझ्या आवाजावर आल्या आणि माझ्याकडे शिरल्या. खुर्ची पुन्हा मीच धरली असं तुला वाटेल. वाटू दे.

पण मला त्या दिसत नाहीत. मी अंगणात मान मोडून उभी राहिले, रस्त्याच्या कडेला उभी राहिले, पोस्टमनने विचारलं काही हरवलं का. तुझ्या जिन्यावरच्या खिडकीतून मात्र सगळं दिसतं. संध्याकाळी सातनंतर तिथे खुर्ची घेऊन बस आणि बघ: एक आहे की दोन. एक असेल तर तसं लिही, मी सहन करीन. दोन असतील तर त्या आत कशा शिरल्या, कोणती आधी, पंख कसे मिटले, सगळं लिही. तुझ्या पत्रांसारखं थोडक्यात नको.

उत्तर लेखी हवं, शुक्रवारी चर्चची सहाची घंटा होण्याच्या आत, माझ्या दाराच्या फटीतून. आणि तोवर तू घरातली एक वस्तू जरी बंद केलीस, तर याद राख.