टाकीमागच्या ठोकळ्याला हात लावू नये

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा सुतारकाम (हात थरथरू लागल्यापासून बंद), शिक्षण पाचवीपर्यंत, पूर्ण शुद्धीत हे लिहून देतो. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत, म्हणून घाई आहे. माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. मीच सगळ्यांवर आणतो, असं सूनबाई म्हणते.

राहतं घर मुलाला आणि सूनबाईला, दोघांच्या नावे. बँकेतली शिल्लक मुलीला. मुलाने तोंड वाकडं करू नये.

हत्यारंही मुलीलाच. लहानपणी तिने भोकं पाडायचं गिरमिट हातात घेतलं, तेव्हा "हे तुझं काम नाही" म्हणून मी ओढून घेतलं होतं. ते माझं चुकलं.

आता मुख्य मुद्दा. आमच्या हिच्या भोपळ्याला फुलं यायची, पण फळ धरत नसे. बिचारी कापसाने एकेका फुलाला पराग लावत बसायची. ती गेल्यावर मी लाकडी ठोकळ्यांना भोकं पाडून बागेत किड्यांसाठी घर बांधलं. पहिल्याला सवयीने पॉलिश मारलं, वासाने एकही फिरकला नाही. दुसऱ्यात कुंभारीण माश्या आल्या. त्या भोकात अंडी घालतात आणि भोकाचं तोंड चिखलाने लिंपून टाकतात.

गेल्या महिन्यात मी इस्पितळात होतो. मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, घरी काही करायचंय?" मी म्हणालो, "किड्यांच्या घराकडे बघ." परत आलो तर स्वारी खुशीत. "बघितलं की! सगळी भोकं चिखलाने तुंबली होती. तार घालून एकूण एक मोकळी केली. कसं लख्ख झालंय!"

"अरे, आत पिल्लं होती."

याबद्दल त्याला कुणी बोल लावू नये. नुसतं "बघ" म्हणणारा मी होतो.

आता पाण्याच्या टाकीमागे, मुलाच्या नजरेतून सुटलेला, एकच ठोकळा उरला आहे. त्यात अकरा भोकं बुजलेली आहेत. तो कुणाच्याच नावे करत नाही. आतली आपणहून बाहेर येईपर्यंत त्याला पाणी, झाडू, रंग, तार, काहीही लागता कामा नये. मी गेलो तर माणसं पुढच्या दाराने आणा; मागे गर्दी झाली की धक्का लागेल. रडायचं ते पुढच्या खोलीत रडा. शेजारच्या शिंप्यांनी गुलाबांवर औषध मारणं थांबवावं. त्यावरून बारा वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. आज हात जोडतो.

दुरुस्ती: वर अकरा लिहिलं आहे तिथे दहा वाचावं. आज सकाळी एक भोक उघडं दिसलं. आतून फुटलं की मुंग्यांनी बाहेरून फोडलं, मला चष्म्यातून कळेना. मुलाला बोलावलं. तो हात पाठीमागे बांधून कितीतरी वेळ बघत राहिला. म्हणाला, "बाबा, मला नाही सांगता येत." म्हणून उरलेल्या दहांसाठी पुन्हा लिहितो: हात लावू नये. दुरुस्तीवर वेगळी सही केली आहे.

लिहून देणार: सुतार (सही वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी. वाचून सही केली. फवारणीचा पंप आणून दिला.
२. इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाई. मागच्या दाराने आल्या होत्या, पुढच्या दाराने गेल्या.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
तारीख: बारा मार्च