समोरची बाजू

पार्से, ३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. विमला हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. काजू सोसायटी उभी केली तेव्हा आपल्यात तट पडू द्यायचे नाहीत, असं सगळ्यांनी नारळावर हात ठेवून ठरवलं होतं. मी अध्यक्ष झालो तो बिनविरोध. आता आपला गोकुळदास, माझा लहानपणचा सोबती, माझ्याच विरुद्ध पॅनेल उभं करतोय! मी म्हणतो, काजूची कच्ची बी व्यापाऱ्याला घालून मोकळं व्हावं. तो म्हणतो, आपणच भाजू, फोडू आणि विकू. अर्धं गाव त्याच्याकडे गेलं.

मतदान टळावं म्हणून मी देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवून प्रसाद लावला. आम्हाला एकमतानं ठेवणार असशील तर उजवी पाकळी दे, असं मागणं केलं. आरती झाली, दिवे मालवायची वेळ आली, एक पाकळी हलेल तर शपथ! पुजारी माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.

हरलो तर हरलो गो. पण चवथीला गणपतीवर माटोळी बांधायची, तिची फळं आणि वेली आम्ही दोघं मिळूनच रानातून आणतो. यंदा तो येतो की नाही, हीच धाकधूक आहे.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दत्ताराम

लाटंबार्से, ९ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
विमलाचा शि. सा. न. पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. अरे, देवीला आजारपण विचारावं, लग्नकार्य विचारावं. अध्यक्ष कोण ते तिच्या गळ्यात कशाला घालायचं?

आमची सून विनिता शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. ती म्हणते, नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांतसुद्धा आधी सगळे एकाच माणसामागे असतात, तट नकोत म्हणतात, आणि काही निवडणुकांनंतर दोन बाजू पडतातच. तुझी सोसायटी काय जगावेगळी आहे?

आमच्या महिला मंडळात पार्वतीवहिनी म्हणतील त्याला सगळ्या माना डोलवायच्या. त्यांनी भर पावसाळ्यात पापड घालायला लावले, एकीनंही हटकलं नाही. पापडांना बुरशी आली आणि मंडळही मोडलं. तुला हटकणारा मिळालाय, त्याचे उपकार मान. चवथीला मी येतेच आहे, सारण भरून नेवऱ्या तळायचं माझ्याकडे लागलं.

वहिनीला नमस्कार, आणि माझ्यावर रागावला असलास तरी माया असू दे.
तुझी विमला

पार्से, २९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. विमला हिस,
अनेक आशीर्वाद. ऐन वेळी तुझा पाय मुरगळला आणि तुझं यायचं राहिलं, म्हणून सगळं लिहून कळवतो.

सपशेल हरलो. माझ्याच पॅनेलातले सदाशिव आणि योगेश दुसऱ्या सकाळी गोकुळदासच्या ओट्यावर चहा पीत बसलेले! मी सोसायटी सोडायचं ठरवलं, राजीनामा लिहूनही ठेवला.

चवथीच्या आदल्या दिवशी कोयता घेऊन एकटाच निघालो. तर तळीपाशी गोकुळदास उभा, खांद्यावर रिकामं पोतं. दोघं रानात शिरलो. मग माटोळीसाठी कांगल्यांची वेल ओढता ओढता तो म्हणाला, "दत्ता, सगळे माझ्याच बाजूक इले रे. माझी चूक आता कोण दाखयतलो? तू समोर बस."

विमल, हरल्यावरही डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तिथं आलं. घरी येऊन राजीनामा चुलीत घातला. काजू भाजायची शेड शाळेच्या अंगाला बांधताहेत, धूर पोरांच्या नाकात जाईल त्याचं काय, हे येत्या सभेत मी विचारणार आहे. गोकुळदासला आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला, विचार, मी तयारी करून येतो.

चवथीला दोघांनी मिळून माटोळी बांधली आणि मी गाऱ्हाणं घातलं. देवीकडे एकमत मागितलं होतं, तिनं दिलं नाही, तिचे उपकार. गणपतीकडे एवढंच मागितलं, की गोकुळदासला उदंड आयुष्य दे आणि त्याला माझ्या समोर असू दे.

पाय जप. नेवऱ्यांचं देणं पुढच्या चवथीला फेड.
तुझा दत्ताराम