आईच्या कानासाठी तीन फिल्टर

बाबा, आईला हल्ली आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन तिने डब्यात ठेवून दिलंय. भांडं आपटलं की डोक्यात कळ जाते म्हणते. म्हणून गेले दोन महिने मी मांडवीच्या घरी ओट्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसते आणि तिच्या फोनसाठी इक्वलायझर लिहिते, म्हणजे आवाजातला हवा तो भाग वाढवणारा आणि नको तो कमी करणारा प्रोग्राम. फोन बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, हेडफोन तिच्या कानात. संगणकाच्या ज्या भाषेत मी हे लिहिते ती तुम्हाला आवडली असती. तिच्यात प्रत्येक फिल्टर म्हणजे एक फंक्शन, आवाज आत घेणारं आणि बदलून बाहेर देणारं. दोघांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं दिली, की पहिल्यातून निघालेला आवाज दुसऱ्यात जातो. तुम्ही लाऊडस्पीकरच्या दुकानात वायरींनी हेच करायचात.

पावसच्या शाळेत एका बाईंचा निरोप समारंभ होता, आठवतो? मी कॉलेजात होते, आणि आवाजाच्या मिक्सरवर पहिल्यांदाच एकटी. बाईंचा आवाज बारीक, म्हणून मी दिसेल ते बटण वर केलं. स्पीकर शिट्ट्या मारायला लागले आणि बाई भाषण अर्धवट टाकून खाली बसल्या. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "अगो, सगळंच काय वाढवतेस? नको ते आधी काप." मग स्वतः बाईंची माफी मागितलीत, त्यांना पुन्हा उभं केलंत, आणि त्या शेवटपर्यंत बोलल्या. टेम्पोतून घरी येताना मी तुमच्याशेजारी न बसता मागे स्पीकरांपाशी बसले.

या वेळी मी आधी पंख्याची घरघर कापली. मग 'स', 'त', 'च' जिथे असतात तो भाग वाढवला. पण मोठा आवाज दाबणारा फिल्टर या वाढवणाऱ्या फिल्टरच्या अगोदर लावून बसले होते, म्हणजे दाबलेलं पुन्हा वाढत होतं. ताट पडलं आणि आईने हेडफोन ओढून काढला. तो दाबणारा फिल्टर सगळ्यात शेवटी नेला, तेव्हा जमलं.

रविवारी दुपारी आई हेडफोन लावून कोलंबी सोलत बसली आहे. तिचा फोन तोंडाजवळ धरून मी मागून हळूच विचारते, कढी करायची का? ती मान न वळवता म्हणते, कर. मग हात चालू ठेवूनच बोलते, "तुझे बाबा आजारात काय सांगायचे, मला कळायचंच नाही. मी नुसती मान हलवायची. त्यांना वाटलं असेल, हिला सगळं कळतंय." मी तिला सांगते की तिला शब्द कळत नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं. खरं काय ते तुम्हालाच माहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून आईला जे सांगितलं नाही ते लिहिते. तुमच्या शेवटच्या महिन्यात तुम्ही मला पुण्याला फोन केला होतात. आवाज खोल गेलेला, आणि मी कामात. "बाबा, ऐकू येत नाही, रेंज नाही," म्हणून मी फोन ठेवला. रेंज होती. तुम्ही विचारत होतात, कधी येतेस.