टिंबानंतरची यादी

सोमवार, ३
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळची जागा मिळाली! दवाखान्यांसाठी रुग्णनोंदींचा प्रोग्राम आहे. जुना कोड म्हणजे नुसती आंधळी कोशिंबीर. कुठल्या नावात काय साठवलंय याचा कोड लिहायच्या एडिटरलाही पत्ता नाही. दिवसभर टाइप हिंट लिहिल्या, म्हणजे कुठल्या नावात कसली माहिती त्याच्या खुणा : हा रुग्ण, हे वय, ही तारीख. संध्याकाळी रुग्णापुढे टिंब दिलं आणि अलगद यादी उघडली : वय, रक्तगट, खाट. पहिलं अक्षर लिहायचं, टॅब दाबायचा, पुढचं एडिटरच लिहितो. माझ्यासारख्या आळशीला आणखी काय हवं! शेजारच्या टेबलावरच्या बाई इथल्या सगळ्यांत जुन्या. चाचणीच्या नोंदींत घरचं माणूस घालू नकोस, एवढंच म्हणाल्या.

बुधवार, ५
चाचणीसाठी खोटी माणसं तरी किती रचायची? शेवटी आईला घातलं. वय एकसष्ट, तब्येत ठणठणीत. अजून मलाच विचारते, जेवलीस का म्हणून. टिंब दिलं तर यादीच्या तळाशी नवीनच काही : मृत्युदिनांक. टाइप : ‘तारीख किंवा रिकामं’. मी हे लिहिलेलं नाही. सगळा कोड पालथा घातला, कुठेच सापडलं नाही.

शुक्रवार, ७
खोट्या रुग्णांपुढे अजून ‘तारीख किंवा रिकामं’. आईपुढे फक्त ‘तारीख’. जिवंत माणसाची ही जागा रिकामीच असायला हवी ना? फोन केला. आई हसली. जिना चढताना जरा धाप लागते, म्हणाली.

सोमवार, १०
बाईंना दाखवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनीही एकदा नवऱ्याची नोंद घातली होती.
“पुसू नकोस. मी पुसली, आणि ते त्याच दुपारी गेले.”
मग करू काय, विचारलं. नोंदीतलं नाव बदलता येतं म्हणाल्या, पण कुणाचं घालशील? उठून गेल्या.

मंगळवार, ११
आई दवाखान्यात. यादी आता तारीखही सुचवते. उद्याची.

बुधवार, १२
सकाळी दहा. डॉक्टर काही बोलत नाहीत, असं दादा म्हणाला. आईच्या जागी माझं नाव घालायचं ठरवलं. भीती वाटते, पण ठरवलं.

सव्वादहा. पहिलं अक्षर लिहिलं — हात सवयीने टॅबवर — यादीत वर माझं नाव नव्हतं. दादाच्या मुलीचं होतं. तिचं आणि माझं पहिलं अक्षर एकच. तेच नोंदीत गेलं —

साडेदहा. दादाचा फोन. आई उठून बसली, चहा मागितला. रडत होता आनंदाने. छोटी कुठे आहे, विचारलं. शाळेत, म्हणाला.

दहा पन्नास. छोटी शाळेत पडली. श्वास —

छोटीच्या जागी माझं नाव लिहिलं. अक्षर न् अक्षर, टॅबला हात न लावता. खाली लाल रेघ. टाइप चुकला म्हणतो. मी ‘रुग्ण’ नाही. ‘लिहिणारी’. पुन्हा लिहिलं. लाल. पुन्हा —

छोटीच्या जागी घालायला यादीत आता दोनच नावं. आई. दादा.

फोन वाजतोय. दादाच आहे. उचलला तर तो म्हणेल की छोटी —