न वाचलेलं वचन

शोळिंगनल्लूर, चेन्नई
ता. ४ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
त्र्यंबकचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितो. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे. चारूला झटका येऊन सात आठवडे झाले. उजवी बाजू अजून तशीच. तोंडातून दोन-तीन शब्द निघतात, तेही मलाच कळतात. पुष्कर आणि सूनबाई सकाळी आठला ऑफिसला जातात, मग अकराव्या मजल्यावर आम्ही दोघंच. मी तिला भरवतो, कूस बदलून देतो, खिडकीतून रस्त्यावरच्या बस बघत बसतो. रडू येत नाही. प्रार्थनेला बसलो की ‘हे पित्या’ एवढं म्हणतो आणि पुढे काही सुचत नाही.

एक गोष्ट कुणाला बोललो नाही, ती तुला सांगतो. इथल्या चर्चच्या मंडळीत नवीन वर्षाच्या सकाळी उपासना झाली की ताटात कार्डं ठेवतात. ज्यानं त्यानं न बघता एक उचलायचं. शास्त्रातलं जे वचन त्यावर निघेल, ते त्याचं वर्षभराचं. मी एक माझं उचललं, एक चारूचं. दोन्ही तमिळमध्ये. घरी आलो तर ती वाट बघत होती. मी तिचं कार्ड हातात धरलं आणि सांगून टाकलं की पाळकांनी वाचून दाखवलं, तू उठशील आणि चालशील असं देवानं म्हटलंय. खरं तर पाळकांना मी विचारलंच नव्हतं. वाईट काही निघालं तर, ही भीती.

आता ती रोज डाव्या हातानं पलंगाची कड धरून उठायला बघते. पडली म्हणजे? पुष्करचा मोबाइल तमिळ वाचून मराठीत सांगतो म्हणे, पण मी कार्डं शर्टाच्या खिशातून काढलीच नाहीत. काय करू ते लिही. रागव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
त्र्यंबक

राहुरी
ता. १३ जानेवारी

चि. त्र्यंबकास,
अक्काचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. अरे, संडे स्कूलमध्ये वचन पाठ नसलं की तू मनानंच एखादं रचून म्हणायचास, आणि बाई खूश होऊन तुला लिमलेटची गोळी द्यायच्या. त्र्याहत्तर वर्षांचा झालास, खोड गेली नाही. तेव्हा गोळी मिळाली, आता बायकोची हाडं मोडून घेशील.

देवानं काय म्हटलंय ते आधी वाचून घे. तुमच्या शेजारचे ते राजगोपाल राव, तंजावरचे मराठी, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना तमिळ येतं असं तूच कळवलं होतंस. त्यांच्यापुढे आपल्या विश्वासाची साक्ष देणार म्हणून नाताळाआधी केवढ्या बाता मारल्यास! आता दार वाजवायला लाजतोस.

प्रार्थना येत नाही त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. हे गेले त्या वर्षी सहा महिने माझ्या तोंडून एक गीत निघालं नाही. चर्चमध्ये नुसती बसून यायचे. देवानं मला बाहेर काढलं नाही.

चारूला खरं सांग. ती तुझ्याहून धीराची आहे. इडलीनं पोट भरत नाही म्हणून सूनबाईच्या, रेवाच्या मागे कुरकुर करू नकोस. तिला माझा पापा. उत्तर लवकर येऊ दे, मी पोस्टमनच्या वाटेकडे बघत असते.

तुझी,
अक्का

चेन्नई
ता. २ फेब्रुवारी

ती. अक्कास,
त्र्यंबकचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र वीस तारखेला मिळालं. उद्या सांगू, उद्या सांगू असं करत दोन दिवस घालवले. बावीसला मी तिची पेज गरम करायला उठलो आणि मागे आवाज झाला. चारू खिडकीपाशी पडली होती. पलंगापासून खिडकी चार पावलं आहे, म्हणजे तेवढी ती चालली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता ती पुन्हा उभी राहणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मी बरं म्हटलं.

पुष्कर पोचेपर्यंत राजगोपाल रावच ॲम्ब्युलन्समधून बरोबर आले आणि तो आल्यावरही गेले नाहीत. त्यांच्या पत्नी भवानीबाईंनी दहीभात पाठवला होता, तो मला खायला लावला. मग मी खिशातून कार्डं काढून त्यांच्या हातात दिली. कुठलं माझं, कुठलं चारूचं, तेही आता मला सांगता येत नव्हतं. त्यांनी वाचलं. एकावर होतं की संकटात मी तुझ्याबरोबर राहीन. दुसऱ्यावर, केस पिकले तरी मीच तुला उचलून नेईन. चालशील असं कुठंच नव्हतं.

राव त्यांच्या जुन्या मराठीत म्हणाले, की अहो, तुमचा देव बरं करतो म्हणून बोललाच नाही की. नुसतं बरोबर राहून काय उपयोग हो? मला शास्त्रातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, तुम्ही सकाळी अकरापासून इथं बसला आहात. तुम्ही काही डॉक्टर नाही. पण तुम्ही नसता तर मी या बाकावरून केव्हाच खाली पडलो असतो. मग त्यांनी ते पहिलं कार्ड परत मागून घेतलं आणि मनातल्या मनात वाचलं. साक्ष म्हणशील तर एवढीच दिली.

चौथ्या दिवशी चारूला सगळं सांगितलं. ती अर्ध्या तोंडानं हसली. तिचे शब्द जुळवायला मला वेळ लागला. तिला त्याच दिवशी कळलं होतं. खोटं बोलताना मी कान चोळतो म्हणे, लग्न झाल्यापासून. मग उठायला का बघत होतीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, तुम्ही खोटे पडू नये म्हणून.

अक्का, मला प्रार्थनेचे शब्द अजून येत नाहीत. तिच्याजवळ बसतो. दोन्ही कार्डं तिच्या उशाशी आहेत. माझा डावा हात तिनं धरून ठेवलाय, सोडत नाही. त्यामुळे कागद दाबायला हात नाही आणि ओळी तिरक्या गेल्यात. तशाच वाचून घे, आणि आम्हा दोघांना मनात असू दे.

तुझा,
त्र्यंबक