बॉनेटचं चिलखत

३ फेब्रुवारी
घरातली पहिली पदवीधर असल्याने जबाबदारी जाणवते. अख्ख्या पोलंडला वाटतं, पोलादी चिलखतातला सरदार पडला की कासवासारखा उताणा, आणि घोड्यावर चढायला त्याला क्रेन लागते. साफ खोटं! माझा प्रबंध, पान ४७: वजन अंगभर वाटलं जातं, तो आपला आपण चढतो. जुलैत किल्ल्यावर जुन्या लढाईचा खेळ होतो, त्यात सिद्ध करणार. किल्ल्याच्या संचालिका हाल्शकाबाई म्हणाल्या, चढून दाखव, गाईडची नोकरी तुझी.

१० फेब्रुवारी
बाबा गॅरेजात गाड्यांचे डेंट काढतात. चिलखत तेच ठोकणार. टी-शर्टवर माप दिलं. विचारत होते, आत काय घालणार? म्हटलं, बाबा, तुम्ही ठोका. अभ्यास माझा झालाय.

२ मार्च
बाबांनी आधी भंगारातल्या बॉनेटचं एक चिलखत ठोकलं, स्वतःच्या मापाचं, थंडीच्या जाड जाकिटावरून. म्हणे, हात बसायला. इतिहासाचा गंध नाही. तासभर समजावलं. "हं" म्हणाले आणि खारवलेली काकडी खात राहिले.

२० एप्रिल
माझं तयार! आरशासारखं. रोज एक तास घालणार.

२१ एप्रिल
आज नाही.

९ मे
घातलं. आईने वीस दोऱ्या बांधल्या. नेमक्या पोस्टाच्या बाई आल्या. लोखंडी पंजात पेन राहीना, सही आईने केली. बाईंनी विचारलं, "काय गं बोग्ना, सासरी निघालीस की काय?" दुर्लक्ष केलं.

१७ जून
गादीसारखा अंगरखा शिवून आला. मार सोसायला आत हवाच (पान ४८). पण तो घातला की चिलखत मिटत नाही, चार बोटं फट. दमट हवेत पोलाद आकसत असावं. बाबांना सांगणार नाही. मन दुखेल.

१ जुलै
अंगरखा रद्द. अभ्यासक लवचीक असावा.

१५ जुलै, सकाळी ७
शत्रुपक्षातल्या औषधवाल्या विटकाकांचा गुडघा सुजला. त्यांच्या जागी बाबा, ते बॉनेट घालून. आत जाकीटही, भर उन्हाळ्यात! थोडी लाज वाटते.

१५ जुलै, संध्याकाळी
पहिला घाव बाबांचाच, अगदी हळू. तरी बरगड्यांत चर्चची घंटा वाजली. मी पडले. स्वतः उठले, हे नोंदवून ठेवते. फक्त वेळ लागला. मग घोडी. पाय उचलला की कमरेची पट्टी मांडीत घुसे. तीनदा. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "क्रेन बोलवा रे!" हाल्शकाबाईंनी वही मिटली.

तेव्हा बाबा पुढे आले. म्हणाले, "हसू नका. पोरीने लिहिलंय ते खरं आहे. माप माझं चुकलं." आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी रिकिबीत पाय टाकून एका दमात वर!

माप कुणाचं चुकलं ते मी तिथेच सांगणार होते, पण श्वास मिळत नव्हता.

१ ऑगस्ट
प्रबंध सर्वांसमक्ष सिद्ध झाला. गाईडची नोकरी बाबांना मिळाली. नाश्त्याला मी त्यांच्याकडून सनावळ्या पाठ करून घेते. रोज एखादं शतक चुकतं, लोक टाळ्या वाजवतात. मलाही किल्ल्यावर पद आहे: सरदाराला एकट्याने चिलखत चढवता येत नाही (पान ५१). वीस दोऱ्या मी बांधते, पुस्तकाप्रमाणे घट्ट.

आज बाबा म्हणाले, "जरा सैल गं. आत माणूस आहे."