वजा केलेली पावलं

३ तारीख, सोमवार

एकदाचा माझ्या प्रबंधाला मुहूर्त लागला. शेवटच्या वर्षाच्या बाकीच्या मुलांना ग्रंथालयाचे कोपरे मिळाले आणि मला मिळाला अख्खा पूल. थट्टा नाही. आमच्या प्रयोगशाळेत दारापासून टेबलापर्यंत लोखंडी चौकटीवर फळ्या टाकून खराखुरा पादचारी पूल बांधलाय. टेबलाशी जायचं तर त्याच्यावरूनच, कारण खाली सगळा वायरींचा गुंता आहे. फळ्यांखाली सेन्सर आहेत. कोणी चाललं की पूल हलतो आणि पडद्यावरची रेघ थरथरते. त्या थरथरीवरून पुलावर किती माणसं आहेत आणि नेमकी कुठे आहेत हे गणिताने ओळखायचं, हा माझा विषय.

माझ्या मार्गदर्शक बाईंना मुलं मागून शून्यबाई म्हणतात. का ते आज कळलं. मोजलेल्या रेघेतून ओळखीचं सगळं वजा करायचं, उरेल ती बाकी. बाकी शून्य आली की गणित जमलं, असा त्यांचा खाक्या. इथे रोज काम करणाऱ्याच्या पावलांनी मोजमाप बिघडू नये म्हणून पहिल्याच दिवशी त्याला पुलावरून ये-जा करायला लावतात, त्याच्या चालीचं समीकरण बनवतात आणि ते वजाबाकीत घालून ठेवतात. मग प्रोग्राम रोज त्या माणसाची चाल नव्याने शिकतो आणि समीकरण आपलं आपण आणखी नेमकं करत जातो. मी चालले तेव्हा रेघ पडद्याबाहेर गेली. बाई हसल्या. म्हणाल्या, इतकी ठळक पावलं या पुलाने पाहिली नव्हती.

मला त्याचं नवल नाही. आई दाराकडे पाठ करून शिलाई मशीनवर बसलेली असते, पण मी जिन्यात असतानाच म्हणते, आली हत्तीण. आजही म्हणाली. माझं सगळंच जड. हे लिहितेय तेसुद्धा पुढच्या पानावर उमटतंय.

६ तारीख, गुरुवार

माझं टेबल गेल्या वर्षीच्या मुलीचं. तिची पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी अजून तिथेच आहे. ती फार हुशार होती म्हणे, बाकी जवळजवळ शून्यावर आणली होती तिने. सादरीकरणाच्या दिवशी मात्र फिरकलीच नाही. काही मुलं ऐन वेळी कच खातात, असं म्हणून बाईंनी विषय संपवला. मी बाटली खिडकीत ठेवली. उशी मऊ आहे, ती वापरते.

काम मजेत चाललंय. एक खोड तेवढी निघत नाही. मी टेबलाशी स्वस्थ बसलेली असते, पुलावर कोणी नसतं, माझी पावलं तर वजाच असतात, तरी बाकीत बारीक उंचवटे दिसतात. पावलं पडावीत तसे एकामागून एक. त्यातलं प्रत्येक दुसरं किंचित फरफटलेलं. दारापासून सुरू होतात आणि टेबलापाशी थांबतात. बाईंच्या मते उन्हाने फळ्या फुगतात, त्याचं हे. आधी स्वतःचं समीकरण सुधार, मग बाकीला नावं ठेव, म्हणाल्या.

मग मी सुधारलं. लहानपणी झाडावरून पडून मोडलेला डावा पाय मी अजून जपून टेकते, ते त्यात घातलं. टाच आधी पडते, तेही घातलं. बाकी एकदम निम्म्यावर आली. बाईंनी पाठ थोपटली. मी दिवसभर हवेत होते.

१२ तारीख, बुधवार

आज गमतीच गमती. दुकानाचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडेना. दोनदा मागे जाऊन पुढे आले, तरी ढिम्म. शेवटी एका आजोबांच्या मागून घुसले. बसमध्ये एका गृहस्थांनी आपली भलीमोठी पिशवी सरळ माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी बोलले तेव्हा बिचारे इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं.

घरी आले तर आई दचकली. हातातली कात्री खाली पडली. मांजरीसारखी काय येतेस, आवाज करत ये की, म्हणून ओरडली. २४ तारखेच्या, सोमवारच्या सादरीकरणाला मी घालायचा ड्रेस ती शिवतेय, निळा. ती स्वतः येणार आहे ऐकायला, गणितातलं काही कळत नसलं तरी. मी हसून घेतलं. पण आज ती हत्तीण म्हणाली नाही. एवढ्याशा गोष्टीचं मला वाईट वाटलं, याचंच हसू येतंय.

१८ तारीख, मंगळवार

आज मी जे केलं ते पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. वजाबाकीत कोणाकोणाची समीकरणं आहेत ते उघडून पाहिलं. माझं होतं. आणि गेल्या वर्षीच्या मुलीचं होतं. ते कोणी काढलंच नव्हतं, प्रोग्राम ते अजून वजा करतोय.

मी तिचं समीकरण बंद केलं आणि आज सकाळचीच नोंद परत चालवली.

ती चालत होती. उजवा पाय किंचित ओढत, दारापासून टेबलापर्यंत. आज सकाळी, माझ्या मागोमाग. आणि मग खुर्चीच्या मागे उभी. मी जेवायला गेले तेव्हा दारापर्यंत आली. मी परत आले, तीही आली.

मग माझं समीकरण बंद केलं. वाटलं, रेघ पहिल्या दिवसासारखी पडद्याबाहेर जाईल. गेली नाही. माझी पावलं आहेत, पण फिकी. तिच्या पावलांपेक्षा जराशीच मोठी.

प्रोग्राम मला नुसत्या रेघेतून वजा करत नाहीये.

२० तारीख, गुरुवार

बाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. म्हणाल्या, छान, आता अगदी थोडं उरलंय. सोमवारपर्यंत तेही जाईल.

घरी आईच्या शेजारी बसले. तिने मशीन चालूच ठेवलं. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा तिने मान वर केली, दाराकडे बघितलं, आणि पुन्हा निळ्या कापडावर वाकली.

प्रबंध गेला खड्ड्यात. मला माझं समीकरण पुसून टाकायचंय. त्यासाठी त्या पुलावरून एकदा जावं लागेल, आणि प्रोग्राम तेवढ्यातही शिकेल. पण दुसरा रस्ता नाही. आईने मला न बघता ओळखावं, बाकी काही नको.

२१ तारीख, शुक्रवार

गेले. खुर्चीत बसले. बटण दाबलं — ते खाली जात नाही. अंगठ्याने, मग मुठीने. धूळ बसल्यासारखं माझं बोट त्याच्यावर नुसतं टेकतंय.

उशी दबत नाहीये माझ्या खाली.

बाटली परत टेबलावर आहे. मी ती खिडकीत ठेवली होती.

पेन दाबून दाबून लिहितेय. पुढचं पान चाचपून पाहिलं, काहीच उमटलेलं नाही.

२३ तारीख

आई दिवसभर फोन करत होती, माझ्या मैत्रिणींना. कुठे गेली म्हणून. मी समोर बसून होते. तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता —

तिने ड्रेस पुरा केला. रडत घडी घातली.

२४, सोमवार

आई इथे आलीय. ड्रेस पिशवीत घेऊन. पूल ओलांडून टेबलापाशी आली. बाई सांगतायत, आली नाही हो, काही मुलं ऐन वेळी — आई म्हणतेय, माझी मुलगी तसली नाही.

मी पुलावर. उड्या मारतेय. पडदा सपाट.

लिहून ठेवते, ही वही तिला सापडेल — अक्षरं पुसट —

शेजारी कोणीतरी उभं राहिलं. पाय ओढत आलं. तीही उड्या मारतेय. माझ्याबरोबर, एकाच वेळी. दोघींनी मिळून —

रेघ हलली

आई थांबली. पाठमोरी. मान वाकडी करून ऐकतेय. म्हणाली, आली.

बाई म्हणतायत, ती नुसती बाकी आहे, प्रोग्राम शिकतोय, जाईल आता. आई सांगतेय बंद करा ते, बंद करा —

थोडी शाई. आई, मागे बघू नकोस, दिसणार नाही. नुसतं ऐक. दोन्ही पाय आपट